काढील त्यानं आधी प्यायचं

दत्तारामनं बोट भोकात घातलं, तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

तो तसाच उभा राहिला. पंपरूमच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की कुंपणाची भिंत आणि सातवणीचं झाड यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन शिरेल एवढीच जागा होती. तिथं बुंध्याला कुणीतरी ड्रिल मारलं होतं. वरून माती आणि सिमेंट कालवून असं बेमालूम लिंपलं होतं की लांबून सालच वाटावी. नखानं टोकरल्यावर लिंपण गळून पडलं आणि आतून काळपट पाणी झिरपलं. त्यानं बोट नाकाशी नेलं. सातवणीच्या चिकाचा वास त्याला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. हा तो नव्हता. संडास धुवायच्या ॲसिडसारखं, घशाला झोंबणारं काहीतरी होतं.

त्यानं बुंध्यावरून हात फिरवला. आणखी एक लिंपण लागलं, त्याच्या खाली आणखी एक. मग त्यानं हात काढून घेतला.

आठवडाभर त्याला त्या पिवळ्या पानांनी घोर लावला होता. दिवाळी तोंडावर आली की हे झाड हिरवट पांढऱ्या फुलांनी लगडायचं, संध्याकाळी वासानं आवार भरून जायचं आणि दहिसरच्या त्या चार मजली जुन्या इमारतीत दोन तट पडायचे. एक वास आवडणाऱ्यांचा, दुसरा डोकं धरून बसणाऱ्यांचा. यंदा डोकं धरायची वेळ कुणावरच आली नव्हती. एखाददुसरा गुच्छ, बाकी नुसती पानगळ. सातवण काही अशी उघडीबोडकी होणारी नव्हे.

"काय शोधताय, धुरी?"

तळमजल्यावरच्या बर्व्यांची मागची खिडकी नेमकी तिथंच उघडायची. श्यामकांत बर्वे, बँकेतून निवृत्त झालेले, दम्याचे जुने मानकरी. सातवण फुलली की हा गृहस्थ दरवर्षी सोसायटीला तक्रारीचं पत्र द्यायचा, आणि दिवाळीत चावदिसाच्या पहाटे त्याच झाडाच्या रसाची वाटी घ्यायला सगळ्यांच्या आधी धुऱ्यांच्या दारात हजर व्हायचा. त्यांना दोन्ही गोष्टींत काही विसंगत वाटत नसे.

दत्तारामचं डोकं फिरलेलं होतं. समोर तेच दिसले.

"बर्वेसाहेब, वास सोसत नव्हता तर मला सांगायचं होतं. मी फांद्या छाटल्या असत्या. जीव कशाला घेतला तुम्ही?"

बर्व्यांना आधी कळेचना. मग त्यांची नजर बुंध्याकडे गेली आणि चेहरा उतरला.

"मी? अहो धुरी, मी पत्रं लिहिणारा माणूस आहे. माझ्या हातून झुरळ मरत नाही, बायकोला हाक मारावी लागते." ते जाळीला नाक लावून बघत राहिले. "अरेरे. म्हणजे ते ड्रिल यासाठी होतं तर."

"कसलं ड्रिल?"

"तुम्ही दसऱ्याला गावी गेला होतात ना, तेव्हा. दुपारभर घर्र घर्र चाललं होतं. मी विचारलं तर म्हणाले, पंपाचं काम आहे."

"कोण म्हणालं?"

बर्व्यांनी रुमाल काढला आणि उगाच खिडकीची जाळी पुसली. "असेल कुणी प्लंबर. मला का सगळ्यांचे चेहरे ओळखू येतात?" मग आवाज उतरवून म्हणाले, "यंदा रस काढू नका पण. जे काही ओतलंय ते सालीत पसरलेलं असणार. झाड गेलं, धुरी."

दत्तारामनं त्यांची माफी मागितली. बर्वे म्हणाले, त्यात काय एवढं. तो पंपरूममधून परत आला, दाराला कुलूप घातलं, आणि किल्ली हातात घेऊन पायरीवर बसला. त्या बोळात जायला दुसरी वाट नव्हती. आणि पंपरूमची किल्ली सेक्रेटरीकडे असायची. सेक्रेटरी म्हणजे त्याचाच मुलगा नितेश. किल्ली त्याच्याच घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची. आज सकाळी त्यानं तिथूनच काढून आणली होती.

किल्ली काय, प्लंबर मागून नेतो. टाकी धुणारे नेतात. बिल्डरची माणसं मोजमापाला येतात, ती नेतात. दत्तारामनं ही सगळी माणसं एकेक करून आठवली आणि त्या दिवसापुरता जिवाला आधार दिला.

नरकचतुर्दशीला त्याच्या मुलखात, कुडाळकडे, चावदिस म्हणतात. पहाटे तेल-उटणं लावून आंघोळ, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, आणि गोड्या पोह्यांना हात लावायच्या आधी सातवणीच्या सालीचा कडूजहर रस घोटभर प्यायचा. पावसाळ्याचा ताप अंगातून निघून जातो, असं जुनी माणसं म्हणत. जातो की नाही हे कुणी तपासलं नव्हतं. पण पिताना तोंडं अशी काही वाकडी होत की ताप असलाच तर घाबरून गेला असता.

फक्त एक भीती होती. रानात सातवणीच्या आसपास काजराही असतो, आणि काजरा म्हणजे विष. पानांवरून दोन्ही झाडं पोरंसोरंही ओळखतील, सातवणीला एका जागी सात पानांचा पंखा असतो. पण रस काढायचा तो उजाडायच्या आत, दगडानं साल ठेचून, लोखंड न लावता. अंधारात पानं दिसत नाहीत. दत्तारामच्या आजोबांच्या चुलतभावानं एका चावदिसाला चुकून काजऱ्याची साल आणली. पोरं गोडासाठी घाई करत होती म्हणून आधी त्यांना पाजलं, स्वतःचा घोट मागे ठेवला. दोन्ही पोरं गेली आणि बाप जगला. पुढे कितीतरी वर्षं तो जगला, हीच त्याची शिक्षा झाली.

तेव्हापासून धुऱ्यांच्या घरात नेम पडला. काढील त्यानं आधी प्यायचं. मग तुळशीपुढच्या दिव्यात पळीभर तेल जळेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, आणि घरातल्या बाईनं विचारायचं, "बरा मां?" त्यानं "बरा" म्हटलं की मगच बाकीच्या वाट्या उचलायच्या.

दत्तारामला हे विचारायची त्याची बायको वनमाला. तिला गंभीर राहणं जमायचंच नाही. "बरा मां? की दुसरो घोव बघू?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची आणि दत्ताराम तोंडातल्या कडूसकट हसायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. गेल्या चावदिसाला ते दोन शब्द नातीनं, प्रांजलनं विचारले. मालवणी तिला येत नव्हती, तिच्या तोंडी ते शाळेतल्या प्रार्थनेसारखे वाटले, पण विचारले.

तशी दत्तारामच्या आयुष्यात सांगण्यासारखी दुसरी गोष्ट नव्हती. बापाच्या मागे गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, गिरणी बसली. मग अंधेरीच्या एका ऑफिस बिल्डिंगीत लिफ्टमन झाला आणि तिथंच निवृत्त झाला. जन्मभर लोकांना वर नेलं आणि संध्याकाळी स्वतः तळमजल्यावर उतरला, असं तो स्वतःच म्हणायचा. लिफ्टमध्ये त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. चावदिसाच्या पहाटे मात्र त्याला वेगळा मान होता. या इमारतीत आल्यावर पहिली काही वर्षं तो अंधारात बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला जाऊन साल आणायचा. एकदा रखवालदारानं पकडलं. हातात दगड बघून त्याला वाटलं, हा काय खून करून आला की काय. रखवालदार निघाला देवगडचा. सोडताना म्हणाला, परत येताना माझ्यासाठी पण घोटभर घेऊन ये. त्याच वर्षी दत्तारामनं रस्त्याकडेच्या झाडाखालचं एक रोप उचलून पंपरूममागे लावलं.

ते झाड मोठं झालं आणि अख्खी इमारत रसाला येऊ लागली. कोकणातले यायचे ते नेमानं आणि बाकीचे गंमत म्हणून. मग माणसं घरं विकून विरारकडे गेली, गमतीवाले कंटाळले, आणि शेवटी वाट्या उरल्या त्या घरच्यांच्या आणि बर्व्यांच्या. पुढेमागे तर इमारतच राहणार नव्हती. तिच्या जागी टॉवर व्हायचा होता. म्हणजे व्हायचा होता, पण दोन वर्षं कागद अडकून पडले होते. गाड्या तळघरात उतरायचा रस्ता नकाशात नेमका सातवणीवरून जात होता, आणि जितं झाड तोडायची परवानगी मिळत नव्हती. जिना चढताना लोक नितेशला विचारायचे, "काय सेक्रेटरी, झाडाचं काय झालं?" दत्तारामलाही कुणी कुणी तिरकं बोलायचं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. टॉवर त्यालाही हवा होता. प्रांजलला अभ्यासाला खोली नव्हती, हे त्याला दिसत होतं. झाड चार हात बाजूला असतं तर बरं झालं असतं, असं त्यालाही कैकदा वाटून गेलं होतं.

त्या रात्री जेवताना त्यानं भोकांचा विषय काढला नाही. नुसतं विचारलं, "नितेश, झाडाची पानां पिवळी कित्या पडतत रे?"

"म्हातारं झालंय ते, बाबा." नितेशनं ताटातून मान वर केली नाही. "पाणी लागत नसेल नीट. सोडा ना."

"झाड म्हातारा झाला? माझ्या हातचा झाड ता. तुझ्यापेक्षा लहान आसा."

नितेशची बायको अक्षता हसली. नितेश हसला नाही. दत्तारामनं पुढं विचारलं नाही, कारण पुढचं उत्तर त्याला ऐकायचं नव्हतं.

चावदिसाच्या आदल्या दिवशी तो कारीट आणायला बाजारात गेला. फुटपाथवर बायका कारिटांचे, झेंडूचे ढीग लावून बसल्या होत्या. परतताना काष्ठौषधीवाल्याच्या दुकानापुढे त्याची पावलं थांबली. किराईत द्या, म्हणाला. त्याच्या काड्या रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी पाणी कडूजहर होतं. चावदिस बिनकडू जाऊ नये, एवढाच विचार होता. किराइताला सातवणीची सर नाही, पण ते कुणाला मारत नाही. घरी जाऊन सांगायचं, यंदा झाड आजारी आहे, किराईत प्या. पुडी बंडीच्या खिशात टाकताना एवढंच त्याच्या मनात होतं.

घरी आल्यावर मात्र सांगायचं राहिलं, कारण नितेशनंच विषय काढला.

"बाबा, या वर्षी रस नको."

"कित्या?"

"सेफ नसतं ते. हे बघा ना, ग्रुपवर आलंय." त्यानं मोबाइल पुढे केला. "कुठल्या तरी गावात झाडाची साल उकळून प्यायले, चार जण ॲडमिट. डॉक्टर पण सांगतात, लिव्हरची वाट लागते."

"ता काजऱ्याचा झाला आसतला."

"काजरा की फाजरा, आपल्याला काय कळतंय? पोरगी आहे घरात."

अक्षता पुऱ्यांचं पीठ मळत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. "तूच ना रे मागच्या वर्षी मला ऐकवत होतास? परंपरा आहे, घोटभरानं काय होतंय, माझ्या आईनं जन्मभर प्यायलं. मी नको म्हणत होते तेव्हा माझ्याशी भांडलास तू."

"तेव्हा माहीत नव्हतं."

"यंदा काय नवीन कळलं?"

नितेश नखं कुरतडू लागला. दत्ताराम त्याच्याकडे बघत होता. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की हा असाच डाव्या हाताची नखं कुरतडत बसायचा. आता टक्कल पडायला लागलं तरी सवय तीच. प्लंबर, टाकीवाले, बिल्डरची माणसं, ज्यांच्या ज्यांच्या नावावर त्यानं ते पाप टाकून बघितलं होतं, ती सगळी एकदम नाहीशी झाली.

तरी त्यानं पोराला एक वाट ठेवली. म्हणाला, "मी आधी पितंय मां? माका काय झाला तर तुमी पिव नकात. नेम तेच्यासाठीच आसा."

नितेशनं वर बघितलं. तोंड उघडलं. दत्ताराम थांबला. खालच्या आवारात पोरांनी लवंगी माळ लावली, तिचा तडतडाट संपेपर्यंत दोघंही तसेच होते.

"तुम्ही ऐकणार नाहीच," नितेश म्हणाला, आणि उठून गॅलरीत कंदिलाची वायर बघायला गेला.

मग दत्तारामनं किराइताच्या काड्या तांब्यात भिजत घातल्या. वरून ताटली झाकली. कुणाला काही सांगितलं नाही.

पहाटे तो नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी उठला. दगड पिशवीत घातला, किल्ली घेतली, पंपरूममधून मागे गेला. सालीला हात लावला नाही. बुंध्याला कपाळ टेकवून उभा राहिला. झाडाला काय बोलायचं असतं? वनमालेच्या उशाशी बसूनही त्याला काही बोलता आलं नव्हतं. बर्व्यांच्या खिडकीत दिवा लागला तसा तो मागे फिरला. बर्वे आज रसाला येणार नव्हते, त्यांना कारण ठाऊक होतं.

घरात आंघोळी उरकत होत्या. उटण्याचा वास, कढईत फोडणी, प्रांजलच्या ओल्या केसांतून गळणारं पाणी. पितळेच्या चार छोट्या वाट्या त्यानं तुळशीपुढे मांडल्या, त्यात तांब्यातलं पाणी ओतलं. रसाचा रंग कसा असतो हे या घरात त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळे आजवर डोळे मिटून, नाक दाबूनच पीत आले होते.

"झाडाकडे जाऊन आलात?" नितेशनं विचारलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा होता.

"जावन इलंय."

हे खोटं नव्हतं.

प्रांजलनं कारीट फोडलं, अंगठा सरकून ते कुंडीखाली गेलं, ती खिदळली. अक्षतानं दिव्यात पळीभर तेल घातलं. दत्तारामनं आपली वाटी उचलली.

त्यानं ती लगेच तोंडाला लावली नाही. पारख करायची, असं ठरवून तो बसला नव्हता. पण वाटी हातात आल्यावर त्याला एकच गोष्ट हवी झाली. पोरानं म्हणावं, बाबा, नका पिऊ. पुढचं काही नको, का ते नको, माफी नको. एवढे तीन शब्द आले असते तर तो वाटी खाली ठेवणार होता, किराइताचं सांगणार होता, झाडाचं सगळं गिळून टाकणार होता. त्यानं नितेशकडे सरळ बघितलं. नितेशचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा..."

"काय रे झिला?"

"काही नाही. सावकाश प्या."

दत्ताराम प्यायला. किराईत कडू असतं, पण एवढं कडू त्याला कधी लागलं नव्हतं. वाटी रिकामी करून त्यानं पालथी घातली.

सगळे थांबले. दिव्यातलं तेल हळूहळू उतरत होतं. नितेश बापाकडे टक लावून बघत होता, आणि ते बघणं दत्तारामला ओळखीचं होतं. इस्पितळात आईच्या मशीनकडे तो असाच बघायचा. पोराला आपली काळजी आहे, हे त्याला दिसत होतं. तेच जास्त लागलं.

"बरा मां, आजोबा?" प्रांजलनं विचारलं.

"बरा," दत्ताराम म्हणाला.

प्रांजलनं डोळे मिटले, एका हातानं नाक दाबलं आणि दुसऱ्या हातानं वाटी तोंडाशी नेली. ओठाला लागते न लागते तोच नितेशनं झेप घेऊन तिच्या हातावर फटका मारला. वाटी भिंतीवर आदळली, गरगरत मोरीपर्यंत गेली.

"नको पिऊ! थुंक! थुंक आधी, तोंड धू! अक्षता, पाणी आण, बघतेस काय!"

पोरगी रडायला लागली. अक्षता धावली, मग मध्येच थबकली. "अरे काय झालं? काय आहे त्यात?"

"सांगतो नंतर. आधी तिला..."

"किराईत आसा," दत्ताराम म्हणाला.

कुणी ऐकलं नाही म्हणून तो पुन्हा, थोडं मोठ्यानं म्हणाला, "किराईत आसा. बाजारातला. झाडाचा नाय. रडा नको गो बाय, काय होवचा नाय तुका."

नितेश होता तिथंच खाली बसला. अक्षतानं तिसरी वाटी उचलून वास घेतला, जिभेच्या टोकाला लावून बघितली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, पालथ्या घातलेल्या वाटीकडे पाहिलं. तिला झाडाचं काहीच ठाऊक नव्हतं. पण जे कळायचं ते तिला कळलं.

"आणि बाबा प्यायले तेव्हा?" तिनं विचारलं.

नितेशनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

दत्तारामनं फडकं आणून भिंत पुसली, लादी पुसली. मोरीतून वाटी उचलून धुतली. अंगात नवा सदरा होता, कानात तेल होतं. "मी खाली बसतंय जरा," म्हणाला आणि चपला घालून जिना उतरला.

पंपरूमच्या पुढच्या भिंतीला लागून, सातवणीच्या फांद्यांखाली सिमेंटचा कट्टा होता. तिथं तो बसला. उजाडलं होतं. नवे कपडे घातलेली पोरं फटाके फोडत होती. येणारे जाणारे "हॅपी दिवाळी धुरीकाका" म्हणत होते, तोही हात वर करत होता. वरून अधूनमधून एखादं पिवळं पान खाली येत होतं. एका आखूड फांदीला फुलांचा शेवटचा गुच्छ होता, त्याला वास येत होता की नाही हे त्याला कळेना. जीभ अजून कडू होती.

बऱ्याच वेळानं नितेश आला. हातात गोड्या पोह्यांची बशी होती. कट्ट्यावर बसावं की नाही हे न कळून तो उभाच राहिला.

"मी काही ओतलं नाही, बाबा. मी फक्त किल्ली दिली. बिल्डरची माणसं म्हणाली, झाड आपोआप वाळलं की परवानगी लगेच होते, सगळेच करतात." तो थांबला. "सगळी बिल्डिंग माझ्या डोक्यावर बसली होती. तुम्ही असताना जमलं नसतं. म्हणून तुम्ही गावी गेल्यावर."

दत्ताराम पोरांचे फटाके बघत होता.

"सकाळी मी बोलणार होतो. आईशप्पथ बाबा, तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, एक तर घोट आहे. सालीत काही उतरलं नसेल. मग वाटलं, आता सांगितलं तर..."

त्याला वाक्य पुरं करता येईना. दत्तारामलाही ते पुरं करून द्यावंसं वाटलं नाही. एरवी त्यानं दिलं असतं. पोराची अडलेली वाक्यं जन्मभर त्यानंच पुरी करून दिली होती, मास्तरांपुढे, आईपुढे, सासरच्यांपुढे.

नितेशनं बशी कट्ट्यावर ठेवली आणि बापासमोर उकिडवा बसला. डोळे लाल झाले होते.

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

लहानपणी शाळेत पोरं चिडवायला लागल्यापासून नितेशनं मालवणीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. आता त्यानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आईच्या शब्दांत विचारलं, "बरा मां?"

या प्रश्नाला धुऱ्यांच्या घरात एकच उत्तर होतं. दत्ताराम ते दर चावदिसाला देत आला होता. वनमालेनंतरच्या पहिल्या चावदिसाला दिलं होतं, आज पहाटेही नातीला दिलं होतं. आताही ते सवयीनं ओठांपर्यंत आलं.

त्यानं पोह्यांची बशी उचलून मांडीवर घेतली. नितेश वाट बघत होता. वरून एक पान सुटलं, बशीच्या काठावर पडलं. दत्तारामनं ते अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं. उत्तर मात्र त्यानं दिलं नाही.